पिवळं दिसलं की सोनकीच?

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरायला लागला की ऑगस्ट-सप्टेंबरात घाटावरचे उतार पिवळे होतात, मग फोनवर फोटो यायला लागतात, सिंहगडचे, पुरंदरचे, कासचे, आणि खाली सगळ्यांनी एकच लिहिलेलं असतं, सोनकी. त्यातली बरीच खरंच सोनकी असते पण बरीच नसतेसुद्धा, म्हणून आज जरा ओळख कशी पटवायची ते बोलूया.

आधी एक गोष्ट. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली, आणि या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो असतो बारीक बारीक फुलांचा गुच्छ. मधल्या पिवळ्या गोलात कितीतरी फुलं असतात आणि कडेची प्रत्येक 'पाकळी' हेही एक स्वतंत्र फूलच. त्यामुळे वरून बघितलं तर सगळी सारखी दिसतात, फरक कळतो तो फूल उलटं करून खालून बघितलं की.

सोनकीचं फूल उलटं करा, तोडू नका, नुसतं वाकवा. खाली अरुंद हिरव्या पट्ट्या एकाच ओळीत एकमेकींना चिकटून उभ्या दिसतील, बुडाशी फार तर दोन-चार अगदी बारीक. पानं दांड्यावर एकाआड एक. आणि बी धरलं की त्याला पांढरे मऊ केस येतात, वाऱ्यावर उडतात.

आता कारळे बघा, काहीजण खुरासणी म्हणतात, चटणी करतो ना आपण तेच. शेतात दाट पिवळं दिसतं आणि लांबून हमखास फसवतं. पण याच्या फुलाखाली बाहेरच्या बाजूला पाच रुंद, पानासारखी हिरवी दलं असतात, कडेच्या पाकळ्या बहुतेक आठ, रुंद आणि टोकाला दातेरी. बी काळं चकचकीत, केस अजिबात नाहीत. पानं समोरासमोर येतात, फक्त शेंड्याकडची कधी कधी एकाआड एक होतात म्हणून पानं बघायची तर खालची बघा. हे पीक मूळचं इथिओपियाकडचं, पण आपल्याकडे इतकं जुनं की घरचंच झालंय.

कॉसमॉसचं मात्र मला वाईट वाटतं. मूळ मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणला, आणि आता पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पसरलाय. त्याचं फूल मोठं, केशरी-पिवळं, पानं समोरासमोर आणि बारीक चिरलेली, बी लांब आणि कपड्याला चिकटणारं. लोक हौसेनं त्याच्या बिया टेकडीवर टाकतात, रंग येईल म्हणून. कृपा करून टाकू नका हो, तिथली जागा आपल्या रानफुलांची आहे.

एकदांडी, म्हणजेच दगडी पाला किंवा कंबरमोडी, हीसुद्धा बाहेरूनच, मध्य अमेरिकेतून आलेली. लांब दांड्यावर एकच फूल, कडेच्या पाकळ्या थोड्याच आणि फिकट, पानं केसाळ नि समोरासमोर. एकदा बघितली की चुकत नाही. आणि कासवर जी मिकी माऊस म्हणून दाखवतात, कवला, ती या कुळातलीच नाही, ती शेंगवाल्या कुळातली, फक्त रंग पिवळा.

आता खरी अवघड गोष्ट. सोनकीतसुद्धा एकच जात नाही. शास्त्रीय नावांनी सांगायचं तर सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, ज्याला आधी ग्रॅहॅमी म्हणायचे, आहे, एजवर्थी आहे, आणि डॅल्झेली आहे, हे शेवटचं नाव निकोल डॅल्झेल या वनस्पतीतज्ज्ञावरून पडलं. यांच्यात फुलं बघून निवाडा करायचा नाही. पानं बघायची, तीही बुडाकडची आणि शेंड्याकडची दोन्ही, कारण एकाच झाडावर दोघांचा आकार वेगळा असू शकतो, शिवाय पानाची मागची बाजू बघायची, लव आहे का, दांड्यावर आहे का.

म्हणून फोटो काढताना फुलाचा एक, फुलाच्या खालच्या बाजूचा एक, बुडाच्या पानाचा आणि पानाच्या पाठीचा असे काढा, जमलं तर पूर्ण झाडाचाही. मग जाणकाराला विचारलंत तर तो नीट सांगू शकेल, नुसत्या पिवळ्या फुलाच्या फोटोवरून तो तरी काय सांगणार. आणि सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, पाय ठेवताना वाटेवरूनच चाला, या रोपांची मुळं मातीच्या अगदी पातळ थरात असतात.