हिवरे बाजार: टेप, वही आणि रब्बी

विहिरीत टेप सोडलाय. खाली पाण्याला लागला की वर ओढायचा, ओल कुठवर आली ते बघायचं आणि आकडा वहीत मांडायचा. काम एवढंच. पण रब्बीला काय पेरायचं, ते या वहीवरून ठरतं.

हे हिवरे बाजार. तालुका अहिल्यानगर, लोकांच्या तोंडी अजून नगरच. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणात जुलैच्या एका आठवड्यात एवढा कोसळून जातो. 1972च्या दुष्काळानंतर इथले डोंगर बोडके झाले, माणसं मजुरीला पुण्या-मुंबईला गेली.

1989मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजना आली. श्रमदान झालं. डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवणारे सलग समतल चर, ओढ्यांवर बंधारे, जोडीला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

आता खरं सांगायचं तर चर पुष्कळ गावांनी खणले. फोटो निघाले, फलक लागले. मग कुणीतरी वरच्या वावरात बोअर घेतला, शेजाऱ्यानं त्याहून खोल घेतला, आणि मुरलेलं पाणी दोन-चार हंगामांत उपसून संपलं.

हिवऱ्यानं शेतीसाठी बोअरलाच बंदी घातली. ऊस नाही, केळी नाही. सहकारी साखर कारखानदारी ज्या जिल्ह्यात जन्मली, तिथं उसाला नाही म्हणायचं! घरात किती बोलणी खावी लागली असतील, कल्पना करा.

2004पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. गावातल्या पर्जन्यमापकावर पडलेला पाऊस, निरीक्षण विहिरींची पातळी, त्यावरून हाताशी असलेलं पाणी. त्यातून आधी माणसांचं पिण्याचं, मग जनावरांचं. उरेल ते शेतीला, आणि तेही सगळं नाही. काही जमिनीतच राहू द्यायचं.

हा हिशोब ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जातो. पाऊस बरा झाला असेल तर कांदा, गहू. कमी झाला असेल तर त्यांचं क्षेत्र घटवायचं, कमी पाण्यावर येणारं पीक घ्यायचं. कांद्याला बाजारात भाव चढलेला असतो, रोप तयार असतं, आणि आकडा सांगतो, यंदा नको.

वही मिटते. दिवस वर यायच्या आत कुणीतरी वावरात हरभऱ्याची पाभर धरतं.