बॉनेट उघडताच पळणारा दोष

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय 'जुन्या पिकअप ट्रकच्या अधूनमधून बिघडणाऱ्या आयडलचे क्रमवार निदान' असा आहे. आयडल म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे. त्यातील 'क्रमवार' हा शब्द माझाच असून तो छापून आल्यावर मला त्याचा थोडा धाक वाटू लागला, कारण या विषयावर मी आजवर कधीही क्रमाने बोललेलो नाही. आपण सर्वांनी एखादे तरी जुने पेट्रोल इंजिन सांभाळलेले आहे. तेव्हा गाडी उभी असताना थरथरणे, मिसिंग मारणे (म्हणजे एखादे ज्वलन चुकणे), क्वचित बंद पडणे आणि गॅरेजच्या दारात पोहोचताच शहाण्यासारखी चालू लागणे, हे सारे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे आहे. मिनिटाला ७०० फेऱ्यांवर चालणाऱ्या चार सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला १४०० ज्वलने होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे तेवीस. फ्लायव्हीलमधील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २८०० फेऱ्यांवर ती ७०० फेऱ्यांच्या सोळापट असते. तिथे चुकलेला एखादा ठोका पचून जातो, पण आयडलला तोच ठोका स्टिअरिंगमधून थेट आपल्या हातात येतो. म्हणून 'रेस दिली की गाडी बरी होते' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की दोष आहे तिथेच आहे, फक्त आता तो जाणवत नाही.

आता माझ्या ट्रकविषयी. तो जुना असला तरी इंजेक्शनचा आहे आणि हवा मोजणारा सेन्सर असलेला आहे. इंजिन गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, कधीतरी त्याला हुडहुडी भरत असे. थंड इंजिनावर एकदाही नाही. मी तो एका गॅरेजमध्ये नेला. तेथील मिस्त्रींनी बॉनेट उघडले, कान दिला, आवाज गोड आहे असे सांगितले आणि प्लग बदलले. पंधरा दिवसांनी दोष परत आला, तेव्हा गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०० हा कोड दिसला. या कोडचा अर्थ मिसिंग कोणत्याही एका सिलेंडरशी बांधलेले नाही, एवढाच आहे. तरीही त्याच्या आधारावर प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या सर्व कॉइल बदलण्यात आल्या. त्यानंतर थ्रॉटल बॉडी धुतली गेली, मग ऑक्सिजन सेन्सर नवा आला, आणि अखेर मला असे सुचवण्यात आले की ट्रकचे वय झाले आहे. ट्रकचे वय मला ठाऊक होते. ते गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीही तेवढेच होते. (ज्यांना हसू आले, त्यांनीही कॉइल बदलल्या असणार.)

या सर्व प्रकरणात माझी तक्रार खर्चाविषयी नाही. माझी तक्रार अशी आहे की तीन वेळा भाग बदलले गेले, एकदा धुलाई झाली, पण गाडी थरथरत असताना कोणीही एकदासुद्धा काहीही मोजले नाही. प्रत्येक वेळी तपासणी झाली ती निरोगी गाडीची. अंदाजाने भाग बदलण्याची दुसरी हानी अशी की जुना भाग काढताना एखादी वायर ओढली जाते, एखादा होज पाइप हलतो, दोष आठवडाभर दडून बसतो आणि नव्या भागाला न मिळवलेले श्रेय मिळते.

शेवटी मी एक वही केली. इंजिनाचे तापमान, इंधनाची पातळी, एसी चालू की बंद, पाऊस, किती वेळ गाडी उभी होती, असे रकाने पाडले आणि दोन महिने प्रत्येक हुडहुडी लिहून ठेवली. पावसाचा संबंध दिसला नाही, इंधनाचाही नाही. मात्र शेरे वाचताना एक वाक्य सात वेळा सापडले: 'खाली उतरून बॉनेट उघडले, तोवर थांबले.' हे वाक्य मी सातही वेळा वैतागाने लिहिले होते, निरीक्षण म्हणून नव्हे. आठव्या वेळी मी बॉनेट उघडले नाही. गाडीत बसूनच स्कॅनर लावला. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती, म्हणजे ज्याला फ्युएल ट्रिम म्हणतात ती (संगणक ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल देतो तो आकडा), आयडलला अधिक १८ टक्के होती आणि २५०० फेऱ्यांवर अधिक ३ वर उतरली. मग उतरून बॉनेट उघडले, आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन शांत झाले.

इंजिनाच्या पोटातील वाफा पुन्हा आत ओढू देणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हकडून येणाऱ्या रबरी होजच्या कोपऱ्याला खालच्या बाजूने तडा गेला होता. पूर्वीच्या कुठल्याशा कामात तो होज आपल्या पकडीतून सुटून वर आला होता, त्यामुळे बॉनेट बंद केले की आतले अस्तर त्याला दाबत असे, तडा उघडत असे आणि सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरत असे. थंड असताना रबर ताठ राहत असे, शिवाय थंड इंजिनाला संगणक मुळातच जास्त पेट्रोल देतो, म्हणून सकाळी काहीच कळत नसे. आणि प्रत्येक मिस्त्रीने तपासणीसाठी सर्वांत आधी काय केले? बॉनेट उघडले! दोष दुरुस्त करण्याचा हा सर्वांत जलद मार्ग होता, फक्त तो बॉनेट बंद करेपर्यंतच टिकत होता.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की 'अधूनमधून' हे दोषाचे वर्णन नसून आपल्या निरीक्षणातील त्रुटीचे वर्णन आहे. दोषाला त्याची अट ठाऊक असते. ती अट आपल्याला सापडेपर्यंत पान्याला हात लावू नये आणि…

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत, आणि क्रम अजून सुरूच झालेला नाही. तेव्हा भराभर सांगतो.

वहीनंतर ट्रिम पाहावी. आयडलला मोठी अधिक आणि वेग वाढताच शून्याकडे येणारी ट्रिम म्हणजे बहुधा व्हॅक्यूम लीक, म्हणजे फटीतून शिरणारी न मोजलेली हवा, कारण फट तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढते. उलट, आयडलला ठीक पण भार पडताच वाढणारी ट्रिम असेल तर पेट्रोलचा दाब तपासावा. ज्या ट्रकमध्ये हवा मोजण्याऐवजी मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला, दाब मोजतात, तिथे लीक असूनही ट्रिम फारशी हलत नाही. त्याऐवजी आयडल चढते. अमेरिकेत ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची प्रणाली १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या ट्रकवर ट्रिम सहज मिळेलच असे नाही, तिथे मॅनिफोल्डमधील निर्वात मोजणारा व्हॅक्यूम गेज लावावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवते. काटा नियमित अंतराने खाली झटकत असेल तर व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो, आणि मधूनच झटकत असेल तर तो अडकत असावा. तडा शोधण्यासाठी धुराची चाचणी उत्तम. गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारे मारण्याची सवय सोडावी, आग लागते.

लीक नसेल तर त्रास केव्हा होतो ते पाहावे. टाकी भरल्यानंतर लगेच होत असेल, तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहत असेल. ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असेल, तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पडदा फाटला असावा. दमट हवेत होत असेल, तर कॉइल आणि त्यांची रबरे. रात्री अंधारात ठिणगी बाहेर उडताना दिसतेही. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा इजीआर व्हॉल्व्ह काजळीमुळे किंचित उघडा राहिला, तरी आयडलच बिघडते. हेडलाइट, पंखा चालू केल्यावर त्रास होत असेल, तर इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज इंजिन चालू ठेवून मोजावे, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर अर्थिंगची पट्टी काढून घासावी. वायरिंगचा संशय असेल तर इंजिन चालू ठेवून जुडगा हाताने हलवावा, मात्र पंख्यापासून दूर राहून.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलेंडरमधील दाबाची, चाचणी आणि इंजिन ज्यावर बसते ते रबरी माउंट राहिले. माउंट तुटला असेल तर इंजिन मुळीच मिसिंग मारत नसते, फक्त त्याचे नेहमीचे कंप बसणाऱ्यापर्यंत पोहोचतात, आणि ही शक्यता खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. अध्यक्ष उभे राहिले आहेत. कॉम्प्रेशनविषयी प्रश्नोत्तरांच्या वेळी बोलू.