पाहिलं काय, ते आधी सांगा

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘अलीकडे पाहिलेले चित्रपट आणि मालिका’ असा छापलाय, त्यामुळे तुमच्यातले बरेच जण नावं लिहून घ्यायच्या तयारीनं आलेले दिसतात. पहिल्या रांगेत तर वह्याही उघडल्या आहेत. त्या खुशाल मिटा. मी यादी देणार नाही. यादी फोन देतो, टीव्ही देतो, शेजारीही देतात आणि ती चाळण्यात अर्धा तास जाऊन ताटातली आमटी गार होते, हा तुमचाही अनुभव असेल. मला बोलायचंय ते बघून झाल्यानंतरच्या गोष्टीबद्दल. एखादा सिनेमा पाहिल्यावर आपण एकमेकांना जे सांगतो, त्याबद्दल.

‘कसा होता?’ या प्रश्नाची आपल्याकडची उत्तरं ठरलेली आहेत. ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘इंटरव्हलपर्यंत मस्त, नंतर ढेपाळलाय.’ ‘ॲक्टिंग सगळ्यांची चांगली आहे.’ ‘स्लो आहे, पण छान आहे.’ ‘घरच्यांबरोबर बघू नका.’ यातलं शेवटचं मत मला सगळ्यात कामाचं वाटतं. सिनेमात काय आहे याचा थोडा तरी सुगावा त्यातूनच लागतो! बाकीची वाक्यं कुठल्याही सिनेमाला चिकटवा, चिकटतील. आपल्याला निकाल द्यायची भारी घाई असते आणि साक्ष द्यायची वेळ आली की आपण टाळाटाळ करतो. काय पाहिलं ते सांगत नाही. पास की नापास, एवढंच सांगतो.

निकाल आणि साक्ष म्हटलं की चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’कडे जावंच लागतं. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन मोठे पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि मग आपल्याकडे तो बघायला गर्दी झाली. ती गर्दी बाहेर पडताना दोन वाक्यं हमखास ऐकू यायची. ‘आपल्या न्यायव्यवस्थेवर जबरदस्त भाष्य आहे’ हे एक, आणि ‘बोअर आहे हो’ हे दुसरं. दोन्ही वाक्यं सिनेमा न बघताही म्हणता येतात, ही माझी तक्रार आहे.

त्यात काय आहे ते बघा. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर खटला आहे. त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला, असा सरकारी पक्षाचा आरोप. त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. ती रडत नाही. विचारलं तेवढंच, खालच्या आवाजात सांगते. नवऱ्याकडे कसलीही साधनं नव्हती. उतरण्याआधी तो दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सहन व्हायचा नाही. आणि आत हवा आहे की नाही हे कसं कळायचं? गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं, तर आत जीव जगतो आहे. मग उतरायचं.

हे दृश्य चालू असताना कॅमेरा जागचा हलत नाही, तिच्या चेहऱ्याजवळ धावत जात नाही, पार्श्वसंगीत नाही. तिचं बोलणं कोर्टाच्या भाषेत नोंदलं जातं आणि काम पुढे सरकतं. मला कुणी ‘कोर्ट कसा आहे’ विचारलं, तर मी ते झुरळ सांगते. ऐकणारा एकतर म्हणतो, ‘मला बघायलाच हवा’, नाहीतर म्हणतो, ‘नको बाई, झेपणार नाही.’ काहीही म्हणाला तरी त्याचा निर्णय माझ्या चार ताऱ्यांवर उभा नसतो.

त्याच सिनेमात स्लीव्हलेस कपडे घालून आलेल्या एका बाईची केस न्यायाधीश पुढे ढकलतात, कोर्टाच्या शिस्तीत बसत नाही म्हणून. सभागृह तिथे हसतं. आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, शिपाई एकेक दिवा मालवतो, पडदा काळा होतो, तेव्हा सिनेमा संपला असं समजून लोक चपला शोधायला लागतात. सिनेमा संपलेला नसतो. पुढे तेच न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. ते बाकावर डुलक्या घेत असताना पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एका पोराला थप्पड मारतात आणि परत डोळे मिटतात. हा शेवट ‘उगाच जोडलाय’ असं म्हणणारे लोक मला बरेच भेटलेत. मी त्यांच्याशी भांडते. सिनेमाभर आपण त्या माणसाला खुर्चीत पाहिलेलं असतं, कायद्याची पुस्तकं समोर असताना. खुर्ची काढून घेतली तर हात कसा उठतो, ते त्या थपडेत दिसतं. पण त्यांचं ‘उगाच जोडलाय’ हे मतही मला चालतं, कारण ते एका दृश्याबद्दल आहे. त्याच्याशी भांडता येतं. ‘बोअर आहे’शी भांडायचं कसं?

आता ‘स्लो’बद्दल. ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. संथपणा फुकटचा असू शकतो, हे मी पदरचे पैसे मोडून शिकले आहे. पण संथ म्हणजे नेमकं काय, एवढं तरी सांगा. ताम्हाणे यांचाच पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’. शास्त्रीय संगीत शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून मोटारसायकलवर जातो. कानात माई नावाच्या थोर गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्यानं चालू. त्या माई पडद्यावर कधी येत नाहीत, फक्त ऐकू येतात, आणि तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. गाडीचा वेग मुद्दाम कमी केलेला. ही दृश्यं पुन्हा पुन्हा येतात. दिवसभर ज्याला आपल्या गळ्याची मर्यादा पदोपदी जाणवते, तो रात्री त्या आवाजाच्या आधारानं तरंगत असतो. तिथे संथपणा कामाला लावलेला आहे. तरीसुद्धा मध्ये एके ठिकाणी, शरदचं वय वाढल्यानंतरच्या भागात, मला स्वतःला घड्याळ बघावंसं वाटलं. एकाच सिनेमातला संथपणा एका जागी लागतो आणि दुसऱ्या जागी नडतो, असं होऊ शकतं ना? मग सगळ्या सिनेमाला मिळून एकच शिक्का कशाला?

एका सिनेमाबद्दल दोन माणसं दोन वेगळ्या सिनेमांविषयी बोलावं तशी बोलतात, याचा ताजा नमुना म्हणजे रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्यानं जागतिक कथाचित्र विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला, सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद आईबरोबर गावी जातो. दहा दिवसांचं सुतक, आणि त्या दिवसांत बालमित्र बाळ्याशी पुन्हा जुळलेली जवळीक. एक म्हणतो, ही दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. दुसरा म्हणतो, हा सुतकाचा सिनेमा. मी दुसऱ्याच्या बाजूला थोडी जास्त झुकते. मयताच्या घरात, दिवस चालू असताना, नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय काढतात. आपल्याकडे कुठल्या घरात हे झालेलं नाही? पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरातले आवाज आपोआप पुढे येतात. या सिनेमावर ‘धाडसी विषय’ एवढंच बोलून थांबणाऱ्यांनी त्यातल्या आईकडे नीट पाहिलेलं नाही. मुलगा कोण आहे हे तिला ठाऊक आहे आणि चार माणसांसमोर ते कसं सांभाळून न्यायचं, याची तिची रीत ठरलेली आहे. ती बाई मला सिनेमाचा कणा वाटते.

आता मालिका. इथे नाकं मुरडली जातील, मला दिसतंय.

दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका आठवड्यातून एकदा लागायची. तिच्यावर मत देणं सोपं होतं; सुरुवात, मध्य, शेवट हाताशी असायचा. रोजची मालिका हा वेगळाच प्राणी आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. तिचा शेवट कसा वाटला हा प्रश्न कुणी विचारत नाही. रोजच्या मालिकेचं मत रोजचं असतं, आणि ते शेजारच्या घराबद्दल बोलावं तसं असतं: ‘तिनं आज ऐकून घ्यायला नको होतं.’ समीक्षक याला मत मानत नाहीत. मी मानते. ‘ऐकून घ्यायला नको होतं’ म्हणणारी बाई स्वतःच्या घरात काय ऐकून घेत आली, ते त्या वाक्यात असतं.

आणि मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप घ्या. तेच तेच तीनदा सांगतात. ‘काय? सूनबाई घर सोडून गेल्या?’ मग सासूचा चेहरा, काकांचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा, आणि पुढच्या प्रसंगात कामवाली तीच बातमी शेजारणीला सांगते. हसू येतं खरं. पण ही मालिका बघतं कोण आणि कसं? संध्याकाळी सातला ओट्यापाशी पोळ्या लाटणारी बाई पडद्याकडे पाठ करून उभी असते. कुकरची शिट्टी झाली की एक वाक्य बुडतं. मालिका निम्मी ऐकायची असते, म्हणून ती पात्रांची नावं वारंवार घेते, बातमी पुन्हा सांगते, धक्क्याच्या जागी ढॅणकन संगीत वाजवते. त्यात निम्मा लेखकाचा आळस आहे आणि दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीची भीतीही आहे, नाही म्हणत नाही. तरी पाठ करून उभ्या असलेल्या प्रेक्षकासाठी लिहिणं ही कारागिरी आहे. सोफ्यावर बसून, फोन बाजूला ठेवून पाहायच्या वेब मालिकेचं माप तिला लावू नये.

शेवट सांगावा का, हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. रहस्यकथेचा सांगू नये, एवढं मला मान्य आहे. त्यापलीकडे फार सोवळं पाळायची गरज नाही. ‘सैराट’चा शेवट कळूनसुद्धा लोक गेले, आणि पावलांचे ते ठसे बघून तितकेच गप्प बाहेर आले. अजय-अतुलच्या संगीतानं आधी अख्खं थिएटर नाचवलं आणि शेवटी आवाजच काढून घेतला. हे आधी माहीत असूनही तो शेवट बसतोच.

अलीकडे आमच्या घरात ज्यावरून खरी जुंपली ती ब्रिटिश मालिका ‘ॲडोलेसन्स’. २०२५च्या मार्चमध्ये आली, चारच भाग. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या केटी नावाच्या मुलीच्या खुनासाठी पहाटे पोलीस उचलतात. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला, कुठे कट नाही. यजमान म्हणाले, हा कॅमेऱ्याचा दिखावा आहे. तिसरा भाग दिखावा नाही, असं मी म्हटलं. त्यात एक खोली, एक मानसशास्त्रज्ञ आणि तो मुलगा. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपलं अर्धं सँडविच देते. त्यात लोणचं आहे म्हणून तो कुरकुर करतो, तरी एक घास घेतो. तासाभरात तोच मुलगा तिच्या अंगावर धावून जाईलसा वाटतो. तो गेल्यावर ती एकटी उरते, समोर चावलेलं सँडविच. कट असता तर आपल्याला श्वास घ्यायला सवड मिळाली असती. तिला मिळत नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

पण दुसऱ्या भागाच्या शेवटी मी यजमानांच्या बाजूला जाते. शाळेबाहेरून कॅमेरा अचानक वर उडतो, गावावरून तरंगत जातो आणि खुनाच्या जागी उतरतो. तिथे जेमीचा बाप फुलं ठेवायला आलेला. सुंदर आहे, आणि ते इतकं सुंदर असणंच मला खटकलं. त्या क्षणी मी बापाचा विचार करत नव्हते, ड्रोन कसा जोडला असेल याचा करत होते.

आणि केटी? ती मालिकेत जवळजवळ नाहीच. त्याच भागात तपास करणारी पोलीस बाई म्हणते की लोक जेमीला लक्षात ठेवतील, केटीला कुणी ठेवणार नाही. माझ्या नणंदेच्या मते हे वाक्य म्हणजे मालिकेचा प्रामाणिकपणा. मला तो लेखकांनी घेतलेला अटकपूर्व जामीन वाटतो. चूक दिसत होती, ती एका वाक्यात कबूल केली आणि पुन्हा मुलाच्या आणि बापाच्या गोष्टीकडे वळले. नणंद म्हणते, गुन्हेगाराच्या घरात शिरायचं ठरवल्यावर केटीच्या घरात शिरणं ही पाहुणचाराची भेट झाली असती, आणि तेही वाईटच दिसलं असतं. तिच्या या मुद्द्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण माझं मतही बदललेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ती पाहिली असेल त्यांनी हात वर करा. माईक मागच्या रांगेपासून फिरवू या. नाव सांगितलं नाही तरी चालेल, दृश्य कुठलं ते मात्र सांगा.