मामीची सवत

(दृश्य: लॅमिंग्टन रोड. सकाळ. शटर वर जातायत, फुटपाथवर वायरींची भेंडोळी.)

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण रेझिस्टर घ्यायला निघालेला माणूस टॅक्सीवाल्याला ते नाव सांगत नाही. इथून आम्ही एक अ‍ॅम्प घेतला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरसाठी गाणं मोठं करणारी पेटी. तळहातापेक्षा थोडा मोठा, क्लास डी जातीचा (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारा), अ‍ॅडॉप्टरसकट सात हजार रुपये. पिशवीत टाकला आणि दादरला मामाकडे निघालो.

मामाचा अ‍ॅम्प पिशवीत मावत नाही. तो हलवायला दोन माणसं लागतात. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला, साडेचार लाखांचा. पुढे जाड अ‍ॅल्युमिनियम, मधोमध गाण्याबरोबर डोलणारे दोन काटे. मामीने त्याचं नाव ठेवलंय, सवत.

साडेचार लाखांतलं कानापर्यंत किती पोहोचतं, हे आज बघायचंय.

(दृश्य: मामा तंबोऱ्याची तार छेडतोय.)

अ‍ॅम्पचं काम एवढंच, की आत जे आलं ते मोठं करून बाहेर द्यायचं. पदरचं काही घालायचं नाही. मोजणारे नेमकं हे पदरचं मोजतात. एक शुद्ध सूर, बहुतेक वेळा १००० हर्ट्झचा (सेकंदाला हजार कंपनं), आत सोडतात. बाहेर जे येतं त्यातून तो सूर काढून टाकतात आणि काय उरलं ते बघतात. उरलेल्यात थोडी खरखर असते, आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर असतात.

ज्याने तंबोरा जुळवलाय त्याला हे समजवायला नको. षड्जाच्या दुप्पट कंपनं म्हणजे वरचा सा. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार, खर्जाची तार नीट लागली की न छेडता ऐकू येतो तो. तंबोऱ्यात हे सूर यावेत म्हणून आपण घोडी घासून जवारी काढतो. अ‍ॅम्पमध्ये ते आगंतुकासारखे येतात, आणि तिथे त्यांना डिस्टॉर्शन म्हणतात.

आता गंमत बघा. काही अतिमहाग अ‍ॅम्प मोजमापात चक्क मागे पडतात. ३००बी नावाच्या एकाच ट्रायोड व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) चालणारा अ‍ॅम्प जेमतेम आठ वॉट देतो आणि जोर लावला की काही टक्के भेसळ करतो. पण ती भेसळ मुख्यतः वरच्या सा ची. कानाला गोड लागते, लोक तिला ऊब म्हणतात. सातपट कंपनांचा सूर मात्र कोमल निषादाच्या किंचित खाली पडतो, कुठल्याच स्वरात धड बसत नाही. तो जरासा आला तरी खुपतो. म्हणून नुसती टक्केवारी वाचून आवाज कसा असेल ते सांगता येत नाही. इथवर महागड्या पेट्यांच्या शौकिनांचं म्हणणं मला मान्य आहे.

पुढचं गणित त्यांच्या बाजूने नाही. आमच्या सात हजारवाल्याच्या जातीचे अ‍ॅम्प घरगुती आवाजात ०.०१ टक्क्याच्या आसपास असतात. म्हणजे भेसळ गाण्याच्या ८० डेसिबल खाली. गाणं ८५ डेसिबलने वाजतंय असं धरा, भेसळ राहिली ५ डेसिबल. मामाच्या खोलीत पंखाच चाळीसेक डेसिबलचा. त्यात लोकलचा भोंगा, खाली भाजीवाला. आणि चांगला स्पीकरसुद्धा मोठ्याने वाजवला की खालच्या सुरांत एक टक्का सहज ओलांडतो. महागडा अ‍ॅम्प अजून दोन शून्यं पुढे गेला, तरी ती शून्यं ऐकणार कोण?

(दृश्य: भाऊचा धक्का. मोऱ्याची लाँच सुटतेय.)

ही शून्यं स्वस्त कशी झाली, ते एका लाँचवर ठरलं. आपल्या नव्हे, न्यूयॉर्कच्या. २ ऑगस्ट १९२७ला हेरॉल्ड ब्लॅक नावाचा इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामाला चालला होता. हातात न्यूयॉर्क टाइम्स. त्याच पानावर त्याने आकृती काढली: बाहेर आलेल्याचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत आणायचा, चूक तिथेच वजा करायची. निगेटिव्ह फीडबॅक. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. त्यासाठी लागते ती सूर मोठा करण्याची भरपूर जादा ताकद, आणि ट्रान्झिस्टर आल्यावर ती ताकद चण्याफुटाण्याच्या भावात मिळू लागली.

(दृश्य: मामाची खोली. दोन्ही अ‍ॅम्पवर सोलापुरी चादर.)

पहिल्या दिवशी मामाने चादरीआडून आपला अ‍ॅम्प दर वेळी ओळखला. आम्ही गार. मग मीटर लावला, तर मामाचा अ‍ॅम्प थोडा मोठा वाजत होता. थोडं मोठं ते कानाला बहुतेक वेळा चांगलंच वाटतं.   

दुसऱ्या दिवशी आवाज सारखा करायला १०० हर्ट्झचा सूर सोडून दोन्हीकडे स्पीकरच्या टोकांवर २.८३ व्होल्ट जुळवले, फरक ०.०३ व्होल्टच्या आत. विलंबित ख्याल लावला. मामेभाऊ नाणं उडवून स्विच फिरवत होता. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं तर ती नुसती लॉटरी नाही असं धरतात. मामा तिथवर पोहोचला नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर या डिझायनरने याहून पुढची मजल मारली. एका मासिकाच्या समीक्षकांचा महागडा अ‍ॅम्प घेतला, आपल्या स्वस्त अ‍ॅम्पची जुळणी बदलत बदलत दोघांचा फरक जवळजवळ शून्यावर आणला. समीक्षकांना वेगळेपण ऐकू येईना.

पैसा कुठेच कामी येत नाही असं नाही. काही स्पीकरचा विजेला होणारा अडथळा खालच्या सुरांत दोन-तीन ओहमपर्यंत उतरतो, तिथे छोटा अ‍ॅम्प धापा टाकतो. स्वस्त क्लास डीमध्ये स्पीकर बदलला की वरच्या सुरांचा जोर थोडा कमी-जास्त होतो. पण मामाचे स्पीकर साधे, खोली बारा बाय दहा. साडेचार लाखांतले बरेचसे गेले ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यात, धातूच्या पेटीत, आयातीत, दुकानाच्या भाड्यात. पैठणी तरी थंडी वाजते म्हणून कोण घेतं?

संध्याकाळी आम्ही स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, पंखा बंद केला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, आता गाण्यातले शब्द कळतायत.

मामा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अरे, ती चादर काढ आधी. काटे दिसत नाहीयेत."