भंडाऱ्याचा पिवळा आणि लॅपटॉपची खरेदी

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागले आणि कलामहाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या झळकू लागल्या, की माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत येऊ लागतो. “सर, मुलीला चित्रकलेला घातलंय, आता लॅपटॉप कोणता घ्यायचा?” एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा होईपर्यंत या मुलांचा खर्च पोस्टर कलर, ब्रश आणि ड्रॉइंग बोर्डापुरता असतो, चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळाला की मात्र अनेक घरांत वर्षाची सर्वांत मोठी खरेदी हीच ठरते. या पालकांना मी कंपनीचे नाव सहसा सांगत नाही, कारण एकाच कंपनीचा एक लॅपटॉप चित्रकाराच्या कामाचा असतो आणि शेजारीच मांडलेला, त्याच किमतीचा दुसरा अजिबात कामाचा नसतो. दुकानात उभे राहून हा फरक कसा ओळखायचा, हे मात्र सांगता येते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने जेजुरीच्या सोमवती यात्रेवर चित्रमालिका केली होती. तिच्या लॅपटॉपवर उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा मळकट दिसत होता, म्हणून तिने तो चढवत चढवत नेला. वर्गातल्या मॉनिटरवर चित्र उघडले तेव्हा गडाच्या पायऱ्यांवरचा भंडारा डोळ्यांना खुपत होता, आणि उधळणीतल्या ज्या हलक्या छटांवर तिने दोन रात्री घालवल्या होत्या, त्या सगळ्या एका सपाट पिवळ्यात बुडून गेल्या होत्या. चूक तिच्या नजरेची नव्हती. तिची स्क्रीन तिला खोटे सांगत होती.

संगणकाच्या पडद्यावर कोणते रंग दाखवता यावेत याचे एक सर्वमान्य माप १९९६ साली ठरले. त्याला एसआरजीबी म्हणतात. आज आंतरजालावरचे बहुतेक सर्व चित्रांचे रंग याच मापात धरलेले असतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र “४५ टक्के एनटीएससी” असा एक शब्दप्रयोग बारीक अक्षरात दडलेला आढळतो. एनटीएससी हे त्याहून जुने, दूरचित्रवाणीच्या काळातले माप असून, त्याचे ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे साधारण ६० ते ६५ टक्केच रंग. उरलेले रंग ती स्क्रीन दाखवतच नाही, मग तिच्या आत कितीही वेगवान प्रोसेसर असो. चित्रकाराच्या लॅपटॉपवर “१०० टक्के एसआरजीबी” किंवा “७२ टक्के एनटीएससी” असे लिहिलेले असावे. या दोहोंचा व्यवहारातला अर्थ जवळपास सारखाच आहे. ओएलईडी पडद्यावर, म्हणजे ज्यातला प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो अशा पडद्यावर, रंगांची कमतरता नसते, उलट ते गरजेपेक्षा भडक दिसण्याचा संभव असतो, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये एसआरजीबीचा पर्याय आहे ना, हे विचारून घ्यावे.

इथे एक गैरसमज आड येतो. “गेमिंगचा लॅपटॉप घेतला की सगळे आलेच” असे दुकानदारही सांगतात आणि मुलेही घरी पटवून देतात. प्रत्यक्षात कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पैसा ग्राफिक्स कार्डावर खर्च झालेला असतो आणि पडदा कित्येकदा तोच ४५ टक्क्यांचा असतो. ब्लेंडरसारख्या प्रणालीत त्रिमितीय काम आणि ॲनिमेशन करणाऱ्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड खरोखर लागते. कागदावर जसे काढतो तसे चित्र काढणाऱ्याला, पोस्टर किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या वाट्याला पंख्याचा आवाज आणि लोकलच्या गर्दीत पाठीवर वाहायचे दोन-अडीच किलो येतात, चार्जरचे वजन वेगळेच.

त्याला लागते ती मेमरी, म्हणजे रॅम. ती किती हवी, याचा हिशेब घरी मांडता येतो. छपाईसाठी ए-३ आकाराचे चित्र ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू धरून केले, तर त्यात सुमारे १ कोटी ७४ लाख बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेयर, चित्राचा एक थर, सुमारे ७० एमबीचा झाला. रेखाटन, सावली, पार्श्वभूमी, अक्षरे असे करत विद्यार्थी सहज चाळीस लेयरपर्यंत जातात, की झाले २.८ जीबी, शिवाय केलेली कृती मागे घेता यावी म्हणून प्रणाली स्मरणात ठेवते तो इतिहास, खुद्द विंडोज, आणि संदर्भासाठी उघडून ठेवलेली आंतरजालावरची पंधरा पाने. ८ जीबी तिथे संपते आणि लॅपटॉप उरलेला भार एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवण्याच्या, रॅमहून संथ जागेवर टाकू लागतो. ब्रश हाताच्या मागे राहू लागतो तो बहुधा तेव्हाच. म्हणून १६ जीबी हे किमान धरावे आणि एसएसडी ५१२ जीबीची असावी. हल्ली कित्येक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. तेव्हा “एक स्लॉट मोकळा आहे का?” हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर लेखी माहितीपत्रकात पाहावे.

ॲपलचे मॅकबुक घ्यावे का, असे विचारणाऱ्यांना मी विद्यार्थी पुढे कुठे काम करणार आहे, हे आधी विचारतो. मॅकबुकचा पडदा उत्तम असतो, बॅटरी दिवसभर पुरते आणि २०२४ च्या अखेरीपासून मॅकबुक एअर आणि प्रोमध्ये किमान १६ जीबी मेमरी मिळते. पण ती वाढवता येत नाही आणि पडद्यावर पेनने काढताही येत नाही. शिवाय आपल्याकडच्या लहानमोठ्या गावांतले बहुतेक छापखाने विंडोजवर, कोरलड्रॉ या चित्रमांडणीच्या आणि श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या प्रणालीवर चालतात. गणेश मंडळाचा अहवाल आणि लग्नपत्रिका करून पहिली कमाई करणाऱ्या मुलाला त्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण करावी लागते, हे विसरून चालत नाही.

आता पेनविषयी. पडद्यावरच पेनने काढता येणारे, उलटे दुमडणारे लॅपटॉप आकर्षक दिसतात. ते घ्यायचे असतील, तर दुकानात सोबत एक पट्टी न्या. पट्टी पडद्यावर तिरकी धरून तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा. जलद ओढलेली रेघ सगळीकडेच सरळ येते. सावकाश ओढलेली तिरकी रेघ काही पडद्यांवर पायऱ्यापायऱ्यांसारखी लहरत जाते. ज्याला सुलेखन करायचे आहे, त्याला अशी रेघ चालणार नाही. माझे स्वतःचे मत असे, की पहिल्या वर्षी साधा लॅपटॉप आणि वेगळा पेन टॅब्लेट, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने काढायची पाटी, घ्यावा. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांचे पडदा नसलेले टॅब्लेट पुष्कळ स्वस्त पडतात आणि लॅपटॉप बदलला तरी टॅब्लेट तोच चालतो. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवून काढण्याची सवय व्हायला पंधरा दिवस जातात, एवढाच त्रास. सरावासाठी क्रिता (Krita) ही चित्र काढण्याची प्रणाली मोफत आहे.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर लॅपटॉप आतून बिघडण्याआधी बहुधा बिजागरीपाशी मोडतो. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळेच्या लहानशा नटांत आवळलेले असतात. बिजागरी कडक असेल आणि मूल रोज एकाच कोपऱ्याला धरून पडदा उघडत असेल, तर दीड-दोन वर्षांत हे नट प्लॅस्टिकसकट उपटून येतात आणि पडद्याची चौकट उकलू लागते. दुकानात झाकण मध्यभागी धरून एका हाताने उघडून पाहा. कोपरा पिरगळल्यासारखा वाटला किंवा कुरकुरला, तर पुढचा लॅपटॉप बघा. वॉरंटी घरी येऊन दुरुस्ती करणारी आहे, की लॅपटॉप सेवाकेंद्रात न्यावा लागतो, आणि ते केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हेही तिथेच विचारा. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप सबमिशनच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात पडून राहिला, तर त्याच्या वेगाचे कौतुक कोणाला?

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षेची अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाला आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सहसा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. कार्यालयांतून निघालेले जुने लॅपटॉप बांधणीला दणकट असतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात, पण त्यांचे पडदे अनेकदा फिके असतात. आणि टचपॅड किंचित वर उचललेला दिसला, तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता असते. तो लॅपटॉप तिथेच ठेवून यावे.

एक गोष्ट घरातली. चार्जर लावला की पेनची रेघ थरथरते आणि चार्जर काढला की सरळ येते, अशी तक्रार घेऊन दर वर्षी कोणी ना कोणी येतेच. अशा वेळी लॅपटॉप किंवा टॅब्लेट बदलण्यापूर्वी वायरमनकडून भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचे तिसरे भोक कित्येकदा नुसते नावालाच असते.

त्या जेजुरीच्या चित्रांचे पुढे काय झाले, हेही सांगतो. नवा लॅपटॉप घेणे तिच्या घरी शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. आम्ही तिला १०० टक्के एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा पडदा, सुचवला. तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात आला. तिने सगळा भंडारा पुन्हा रंगवला, या वेळी बराच फिका, आणि वार्षिक प्रदर्शनात ती चित्रे छापून लागली तेव्हा पायरीपायरीवरची धूळ वेगळी दिसत होती. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप तोच आहे. त्याचे झाकण बहुतेक वेळ मिटलेलेच असते आणि बाजूला मॉनिटर चालू असतो.