बीट, गूळ आणि रक्ताचा रंग

(एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘आहाराविषयीचे समज पारखायचे कसे?’ आणि त्यासाठी मला पन्नास मिनिटं दिलीत. पारखायचं कसं ते मी सांगणारच आहे. पण आधी एका कंदाबद्दल बोलते. ते मी तीस वर्षं पोटात ठेवलंय. बीट.

हात वर करा बघू. बीट खाल्लं की रक्त वाढतं, असं कुणी कुणी ऐकलंय? सगळ्यांनीच. अध्यक्षांनीसुद्धा. कुणाकडून ऐकलं? आई, सासूबाई, शेजारच्या काकू. मागून कुणीतरी ‘डॉक्टर’ म्हणालं, तेही खरं असेल. आता मला सांगा, बिटातल्या नेमक्या कशानं रक्त वाढतं? बघा, सभागृह गप्प झालं. एक ताई हळूच म्हणाल्या, ‘लाल असतं ना.’ ताई, तुम्ही मनातलं बोललात. सगळ्यांच्या मनात तेच आहे. डाळिंब लाल, गाजर लालसर, बीट तर चिरलं की हात रंगतात. जे रक्तासारखं दिसतं ते रक्त देणार, असं आपलं मन धरून चालतं.

मी चौतीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलं. त्यातली पहिली बरीच वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे मशीन नव्हतं. होती ती ‘साहली’, रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे लोह असलेलं लाल द्रव्य, मोजायची. साहली नावाच्या स्विस डॉक्टरांनी काढलेली काचेची नळी, तिच्यावर खुणा कोरलेल्या. तळाशी हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, अगदी पातळ केलेलं. बोटाला सुई टोचायची, बारीक पिपेटनं रक्त ओढायचं, तेही किती, तर एका मिलिलिटरचा पन्नासावा भाग. पिपेटचं टोक कापसानं पुसायचं आणि रक्त हलकेच आम्लात सोडायचं. मग दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत काय होतं? रक्ताचा लाल रंग जातो. ते तपकिरी होतं, कोऱ्या चहासारखं. मग काचेच्या काडीनं ढवळत थेंब थेंब शुद्ध पाणी घालायचं, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की खूण वाचायची. नऊ. सात. कधी पाच.

म्हणजे बघा, रक्तात दम किती आहे हे बघण्यासाठी आम्ही आधी त्याचा लाल रंग घालवायचो. हिमोग्लोबिन मोजताना माझ्या डोळ्यांसमोर लाल असं काही नसायचंच. आणि बिटाचा लाल रंग? तो बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. त्यात लोह नाही, त्याचं आणि रक्ताचं काडीचंही नातं नाही. शंभर ग्रॅम बिटात लोह असतं एक मिलिग्रॅमहून कमी. लाल माठात लोह चांगलं आहे, पण हिरव्या माठातही आहे. रंगाचा इथे संबंधच नाही.

आता माझ्या मोठ्या जाऊबाईंची गोष्ट सांगते. त्या आज इथे नाहीत, पण सांगायला त्यांची परवानगी आहे. उलट त्याच म्हणाल्या, ‘सांग, बायकांना कळू दे.’

तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. घरात मी रक्त तपासणारी, म्हणून एकदा सहज त्यांचंही तपासलं. सव्वाआठ. बाईला बारा तरी हवं. मी म्हटलं, ‘ताई, दवाखान्यात जाऊ या.’ त्याच आठवड्यात गावात महिलांसाठी एक भाषण झालं. बोलणाऱ्या बाईंचं नाव घेत नाही. रक्तवर्धक आहार असा विषय होता आणि त्यांनी सांगितलं, रोज सकाळी बीट-गाजर-आवळ्याचा रस आणि दुपारी गूळ-शेंगदाणे, तीन महिन्यांत रक्त दुप्पट. ताई खूश. गोळ्या नकोत, दवाखाना नको, सगळं घरातलंच. दुसऱ्या दिवसापासून मिक्सर सुरू. सकाळी सहाला त्याचा आवाज यायचा तो अजून माझ्या कानात आहे. किसून, वाटून, फडक्यातून पिळून, पेलाभर. ओट्यावरचं फडकं कायमचं गुलाबी झालं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांना लघवी लालसर व्हायला लागली. बीट खाल्ल्यावर काहींना तसं होतं, रंगद्रव्य पचलं नाही की ते तसंच बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शेजारणी म्हणाल्या, ‘रक्त इतकं झालंय की उतू चाललंय.’ ताईंना तो गुण आल्याचा पुरावा वाटला. मी कामावरून थकून यायचे, त्या आनंदानं सांगायच्या, आणि मी म्हणायचे, बरं. हे ‘बरं’ मला आजही खुपतं.

सात महिने. त्या काळात मला एक गोष्ट दिसत होती, पण मी ती पाहिली नाही. तांदूळ निवडायला बसल्या की सुपातले कच्चे तांदूळ चिमूट-चिमूट तोंडात टाकायच्या. दिवसभरात वाटीभर सहज. घरात सगळे चेष्टा करायचे. कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ यांची अशी ओढ लागणं हे लोह कमी झाल्याचं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण आहे. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात कुणी असं खात असेल तर रागावू नका, रक्त तपासा.

मग एक दिवस गच्चीवरचे कपडे आणायला गेल्या आणि जिन्यात मधेच बसल्या. दम पुरेना. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. मी साहली लावली. पाच पूर्णांक नऊ. हात थरथरत होते म्हणून पुन्हा लावली. तेच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘पाळी किती दिवस जाते?’ ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, ‘दहा. कधी बारा.’ गर्भाशयात गाठी होत्या. दोन वर्षं त्या दर महिन्याला रक्त गमावत होत्या आणि आमच्या घरात एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही. सगळे विचारत होते, ‘बीट घेतलंस का?’

इथे थोडा हिशेब करते, वहीत लिहून घ्या. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. भाजीपाल्यातलं लोह सगळं अंगी लागत नाही, आपल्या जेवणात शंभरातलं आठ-दहा भाग लागलं तरी खूप. या हिशेबानं एक मिलिलिटर रक्ताचं लोह भरून काढायला जवळजवळ पाऊण किलो बीट लागेल. एका मिलिलिटरला! पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त धरतात. करा गुणाकार. बाजारातली सगळी बिटं आणली तरी ताई भरून निघाल्या नसत्या. भोक पडलेली घागर होती ती, आणि आम्ही वाटीनं पाणी ओतत होतो.

गुळाचंही तेच. दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह भरत नाही, आणि बाईची रोजची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 29 मिलिग्रॅम धरली आहे. गूळ गोड आहे, खमंग आहे, संक्रांतीला हवाच. रक्ताचं औषध मात्र तो नाही.

एक पालकाची गोष्ट सांगते आणि पुढे जाते. तुम्ही ऐकली असेल, की एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं, पालकात लोह दहापट छापलं गेलं आणि म्हणून चित्रपट्टीतला पोपाय खलाशी पालक खायला लागला. मीही ही गोष्ट वर्षानुवर्षं शाळांतून सांगत आले. 1981 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका लेखात ती आली आणि जगभर गेली. पुढे 2010मध्ये माइक सटन नावाच्या इंग्रज अभ्यासकानं तिचं मूळ शोधलं, तर दशांशचिन्हाचा पुरावाच सापडेना. आणि 1932च्या चित्रपट्टीत पोपाय स्वतः सांगतो की पालक ‘अ’ जीवनसत्त्वासाठी खातो! म्हणजे गैरसमज खोडायला वापरलेली गोष्टही न तपासलेली. तेव्हापासून मी ती सांगते, पण पूर्ण सांगते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, बारा मिनिटं राहिलीत. मग भराभर सांगते, कारण कामाचं ते आताच आहे.

आपल्या महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत 48 होता. बीट तर आता बारमाही मिळतं. तेव्हा कुठलाही दावा ऐकला की तीन गोष्टी विचारायच्या. किती? कशासोबत? आणि कुणाला?

‘किती’ झालं, बिटाचा हिशेब तोच होता.

‘कशासोबत’ हे सगळ्यात मोलाचं. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड वाढतात. ती फोड शोभेची नाही. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व डाळीतलं, भाजीतलं, भाकरीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. मात्र शिजताना घालू नका, उष्णतेनं ते जातं, ताटातच पिळा. आणि चहा याच्या बरोब्बर उलट. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर अंगी लागणारं लोह निम्म्याहून खाली येतं. आणि आपल्याकडे शेतावर जाणारी बाई सकाळी काय खाते? चहा-भाकरी. बाजरीच्या भाकरीत लोह आहे, पण ती चहात बुडवून खाल्ली की ते बरंचसं वाया. चहा सोडा म्हणत नाही, मला स्वतःला तीन कप लागतात. तासाभराचं अंतर ठेवा.

आणि लोखंडी कढई. तिच्यात आमसूल घातलेली आमटी काळपट होते म्हणून आपण ती माळ्यावर टाकली आणि नॉनस्टिक आणलं. तो काळपटपणा लोखंडाचाच होता. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की लोह खरोखर अन्नात उतरतं, हे मोजून पाहिलेलं आहे. लोह हवं तर काळ्या रंगावर विश्वास ठेवा, लाल रंगावर नको!

आता ‘कुणाला’. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी असं नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, तिथे नुसतं लोह देऊन भागत नाही. शाकाहारी घरांत ब-12 कमी असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय. ब-12 कुठल्याही भाजीत नाही, दूध-दही, अंडी, मांस-मासळी नाहीतर गोळी. अनवाणी शेतात वावरणाऱ्याला आतड्यात अंकुशकृमी होतात आणि ते रोज रक्त पितात, त्याला आधी जंताची गोळी. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं रक्त कमी झालं तर पोटात कुठे रक्त जातंय का हे पाहावंच लागतं, तिथे घरी रस पिऊन दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं.

गरोदरपणातली लाल गोळी. 60 मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक आम्ल, आणि अशा 180 गोळ्या सरकार फुकट देतं. शौचाला काळं होतं म्हणून पोरी ती गादीखाली लपवतात. काळं होणं अपेक्षित आहे. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी.

बाकीचे दावे एकेका वाक्यात. मधुमेहाला गूळ चालतो? नाही, गुळाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग साखरच आहे. रक्तदाबाला सैंधव चालतं? तेही सोडियमचं मीठच, शिवाय आयोडीन घातलेलं नसतं. हिमाचलमधल्या कांगड्याच्या खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मिठानं गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, ती कमाई उपासाच्या मिठापायी घालवू नका. हळदीच्या दुधानं आजार पळतात? ज्याचा एवढा गवगवा होतो ते कर्क्युमिन नावाचं द्रव्य हळदीत असतं तीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलंही अंगी फार थोडं लागतं. दूध गरम प्या, घशाला बरं वाटतं.

दुसरी चिठ्ठी आली. मघाशी ‘लाल असतं ना’ म्हणालेल्या ताई विचारतायत, मग बीट खायचं की नाही? खा की. जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं, सहा महिने गोळ्या घेतल्या, आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि हिमोग्लोबिन साडेबारा. बिटाची कोशिंबीर त्यांना अजून आवडते. दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. चवीला खातात.

आणखी एक. उद्या सकाळी नऊ ते अकरा याच सभागृहात मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी हिमोग्लोबिन तपासणार आहोत. आता मशीन आहे, दहा मिनिटं थांबावं लागत नाही. सुनांना, मुलींना घेऊन या. पाळीचे दिवस मी प्रत्येकीला विचारणार आहे, तेव्हा आठवून या. बाहेर चहा ठेवलाय. घरी जाऊन लगेच जेवायला बसणार असाल, तर आज तो राहू द्या.