कामठी रोडवरचे सुभेदारबाबा

(दृश्य : नागपुरातल्या इंदोऱ्यातली गल्ली, सकाळ. दारावर पितळी पाटी.)

इंदोऱ्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. पोट्ट्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे ते सुभेदारबाबा. वडील एम्प्रेस मिलमध्ये मागावर. पोरगाही मिलच्या भोंग्यावर डबा उचलणार, हे जवळपास ठरलेलं. पण जून १९४२ मध्ये कामठीच्या छावणीत महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली, आणि अठरा वर्षांचा हा पोरगा घरी न सांगता कामठी रोडनं चालत सुटला.

त्या चालण्यामागे अर्धं शतक होतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना फौजेचं दार बंद केलं. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले, त्यांनी जोर लावला, आणि त्याच वर्षी बेळगावला पहिली बटालियन उभी झाली. गरजेपुरतं बोलावणाऱ्यांवर भरवसा ठेवावा का, हा प्रश्न बापाला पडला. पोराला नाही.

१९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली. बाबांच्या वाट्याला व्हिकर्स आली. नळीभोवती पाणी, २५० गोळ्यांचा पट्टा, आणि एकटीला सांभाळायला अख्खी टोळी. नागपूरच्या मे महिन्यात कूलर भरताना ते नातवंडांना तिचेच धडे देत : पाणी संपलं की खेळ खलास!

१९४७ मध्ये पंजाबात निर्वासितांचे काफिले पार पोचवायचं काम रेजिमेंटकडे होतं. त्याबद्दल विचारलं की बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेत. आम्हीही मग फार खोदलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ बद्दल मात्र ते स्वतःहून बोलत. विजयादशमी होती. बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपुरात लाखो माणसं जमली होती, आणि बाबांची सुट्टी नामंजूर. आजी पांढरं लुगडं नेसून, दोन लेकरं घेऊन इंदोऱ्याहून पायी दीक्षेच्या मैदानावर गेली. तिला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या पोराकडून तिनं पत्र धाडलं : "आम्ही दीक्षा घेतली. तुमी तिकडंच घ्या." सुट्टी मिळाली तोवर डिसेंबर लागला होता. ६ तारखेला बाबासाहेब गेले. ज्यांच्यामुळे अंगावर वर्दी चढली, त्यांना बाबांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. लढाईत जे गमावलं त्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलेलं दिसायचं.

निवृत्तीनंतरची वर्षं साधीच. पेन्शन आली की आधी पोरींची फी, मग किराणा. संध्याकाळी कंदिलाखाली पाटी-पेन्सिल घेऊन आजीची शाळा. ड्रिल शिकवावी तशी सक्तीची! आजी वैतागायची, पण सही शिकली.

बाबा गेल्यावर पेन्शन आजीच्या नावावर करायची होती. बँकेतल्या बाबूनं न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवला. आजीनं तो परत सारला आणि पेन मागितलं.